गंगेच्या अंघोळीची वेळ

आरोग्य खात्यात तीस वर्षं काढली की माणसाजवळ दोनच गोष्टी उरतात. एक ब्लीचिंग पावडरीचा वास आणि दुसरे किस्से. वास निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत गेला. किस्से मात्र जात नाहीत. एक सांगायला बसावं तर त्याला धरून दुसरा येतो, तो संपेपर्यंत तिसरा दारात उभा! घरातले उठून जातात. म्हणून म्हटलं, आज तुम्हाला धरावं.

आज फक्त एका घाटाचे सांगतो. साताऱ्याकडून सांगलीकडे येताना कृष्णेच्या काठावर तो लागतो. गावाचं नाव विचारू नका. का सांगत नाही, ते शेवटपर्यंत बसलात तर कळेल.

मी होतो सॅनिटरी इन्स्पेक्टर. म्हणजे सरकार मला संशय घेण्याचा पगार देत असे. विहिरीत तुम्हाला पाणी दिसतं, मला जंतू दिसायचे. जेवायला बसलो तरी तांब्या आधी उजेडात धरून बघायचो. बायको म्हणायची, "मला बघायला आला होतात तेव्हाही असंच उजेडात उभं केलं होतंत!" खोटं नाही ते.

कोयनेचा भूकंप होऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कन्यागत लागलं होतं. गुरू कन्या राशीत शिरला की गंगा वर्षभर कृष्णेकडे मुक्कामाला येते, असं आपल्याकडे मानतात. बारा वर्षांतून एकदा हा योग. त्या वर्षात कृष्णेत बुडी मारली की काशीला जायला नको. साहजिकच घाटाघाटावर ही गर्दी! आणि गर्दी आली की कॉलरा येणार आणि कॉलरा येणार म्हटलं की आम्ही येणार.

आमचा कॅम्प म्हणजे एक तंबू, मी आणि लस टोचणारा इस्माईलभाई. इस्माईलभाई मिरजेचा. त्याचे वडील तानपुऱ्याचे भोपळे कोरायचे, त्यामुळे असेल, त्याचा हात इतका हलका होता की सुई कधी गेली ते कळत नसे.

* * *

नियम असा होता की टोचून घेतल्याचं कार्ड दाखवल्याशिवाय घाटावर उतरायचं नाही. लोकांना आमचा संशय, आम्हाला लोकांचा. "सुई मारल्यावर पुण्य कमी हुतंय का?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकायचो.

एके दिवशी वाळव्याकडची एक बैलगाडी आली. गाडीत चार बायका आणि पुढे एक पैलवान. दंड असे की इस्माईलभाईची पिचकारी त्याच्यापुढे खेळण्यातली वाटावी. पैलवान म्हणाला, "बायका सुईला लय भित्यात. त्यांच्या वाटच्या चार आन् माझी एक, अशा पाच मलाच टोचा."

इस्माईलभाई म्हणाला, "पैलवान, रोग ज्याचा त्यालाच होतो की."

"आमच्या घरात कुनाचं कायबी असूं द्या, सोसायला मीच असतो!"

इस्माईलभाईनं शांतपणे सुई काढली, उजेडात धरून एक थेंब उडवला. पैलवानानं तो थेंब बघितला आणि तंबूचा खांब घेऊन आडवा झाला!

गाडीतून त्याची म्हातारी आई उतरली. तिनं बाही वर केली आणि म्हणाली, "हं, टोचा मला. आन् त्येला पानी मारा."

* * *

आता त्या घाटाचं माहात्म्य. ते मला नाना गुरवानं सांगितलं. देवळाची पूजा आणि घाटाची राखण त्याच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. साठीचा काटकुळा माणूस, बोलायला गोड. पण हाताची बोटं सदानकदा पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली. मी ते पहिल्याच दिवशी टिपून ठेवलं.

घाटाच्या खालच्या पायरीला लागून खडकात एक कुंड आहे. परातीएवढं, वीतभर खोल. त्याच्या एका बाजूला पाच चिरा, बोटांसारख्या. त्याला म्हणतात कृष्णेचा तळहात.

"लय जुनी गोष्ट हाय साहेब," नाना सांगू लागला. "एक बाई नवऱ्याची हाडं पदरात बांधून काशीला चालली हुती. पायी. हितं आली आन् पाय सुजलं. पाऊल उचलंना. बसली रडत. तवा किस्नामाई सवाष्णीच्या रूपानं वर आली आन् म्हनाली, बाई, तू दमलीस. दे हिकडं, मी न्हेते. असा हात फुडं केला. बाईनं हाडं तळहातावर ठिवली, मागारी वळली आन् घरला गेली. तवापास्नं तिनं हात फुडंच ठिवलाय बगा."

तेव्हापासून लोक राख नदीत सोडतात आणि अस्थी या तळहातावर ठेवतात. ठेवायच्या आणि मागं न बघता निघून जायचं. दिवस मावळायच्या आत अस्थी विरघळून जातात, अशी ख्याती. कन्यागताच्या वर्षी तर प्रत्यक्ष गंगाच घरात असल्यामुळे त्या थेट काशीला पोचतात.

मी वही काढली. "बाई कुठली?"

"वरली."

"वरली म्हणजे? तालुका कुठला?"

"तवा तालुकं न्हवतं."

"हे सगळं बघितलं कुणी?"

नाना हसला. "साहेब, तुमी तुमच्या आईच्याच पोटी झाला, हे कुनी बगितलं?"

"सुईणीनं."

"ती हाय आता?"

"नाही. वारली."

"मग?" नाना म्हणाला आणि घंटा वाजवायला निघून गेला.

* * *

तुम्ही म्हणाल, इन्स्पेक्टरनं पाणी बघावं, त्याला अस्थींची काय उठाठेव? सांगतो.

माझे वडील त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गेले होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परड्यातल्या लिंबाला एक गाडगं टांगलं होतं. त्यात त्यांच्या अस्थी. आई म्हणाली होती, "गंगा येऊ दे. मग त्या तळहातावरच ठिवायच्या. दुसरीकडं कुठं न्हाई." आणि नेमकी माझी ड्यूटी त्याच घाटावर लागली! आई म्हणाली, "बग, त्यांनीच लावून घेतली."

मी म्हणालो, "आई, आधी तपास. मग अस्थी."

तिला राग आला. पण मी काय करू? तीर्थांची पुढची बाजू सगळे बघतात, मी मागची बघितलेला माणूस. हाड पाण्यात विरघळत नाही हे मला ठाऊक होतं. मग त्या रोजच्या अस्थी जातात कुठे? मिरज जंक्शनला खतासाठी निघालेली हाडांची पोती मालगाडीत चढताना मी डोळ्यांनी पाहिली होती. जनावरांचीच असणार. पण पोत्याला काय चेहरा असतो? माझ्या वडिलांचं हाड अशा पोत्यात गेलं तर? पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातो, म्हणजे पूर चढायच्या आत काय तो निकाल लावायला हवा होता.

मी कुंडातलं पाणी बाटलीत भरलं, सील केलं आणि तपासणीला पाठवलं. पाण्यात अॅसिड वगैरे निघेल असा माझा कयास. इस्माईलभाईचा कयास मासे. चहावाल्याचं म्हणणं, भूकंपात तळाला भेग पडली आणि सगळं पाताळात जातं. "आणि भूकंपाच्या आधी?" म्हटलं तर म्हणाला, "आधीची भेग येगळी."

महिन्यानं रिपोर्ट आला. अॅसिड नाही, काही नाही. खाली एकच शेरा होता, 'पाणी पिण्यास अयोग्य.'

मी तो कागद नाना गुरवाला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पितंय कोन, साहेब? तिथं आल्याल्यास्नी तहान न्हाई."

* * *

पण रिपोर्ट हातात आल्यावर मला गप्प बसता येईना. नियमाप्रमाणे अयोग्य पाण्यात औषध टाकणं माझं कर्तव्य. एका पहाटे मी कुंडात पोटॅशियम परमँगनेट टाकलं. ज्याला आपण लाल औषध म्हणतो, तेच. मनात दुसराही हेतू होता. तळाला भेग असेल तर लाल पाणी कुठूनतरी बाहेर पडेल आणि चोरवाट सापडेल!

औषध अंमळ जास्त पडलं. उजाडलं तर कुंड गुलाबी, पाची बोटं गुलाबी आणि पायरीवरून नदीत जाणारा ओघळही गुलाबी.

पहिली बाई पाण्याला आली आणि किंचाळली, "अगं बया, गंगा कुंकू लावून आली!"

तासाभरात घाटावर ही झुंबड! हळदकुंकू, ओटी, आरत्या. नाना गुरव बघत होता माझ्या बोटांकडे. तीही गुलाबी झाली होती. मी हात खिशात घातले. खरं सांगायचं म्हणजे ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बायांनो, हे सरकारी औषध आहे. पण इस्माईलभाई माझ्या कानाशी लागला, "साहेब, गप ऱ्हावा. आज पयल्यांदा लोक आपलं औषध हुबं ऱ्हाऊन मागून घ्यायला लागल्यात."

एक म्हातारा ओंजळीत ते पाणी घेऊन माझ्यासमोर आला. "घ्या इन्स्पेक्टरसाहेब, तीर्थ. असा योग पुन्ना न्हाई."

बोटं लपवायची म्हणून मी हात बाहेर काढले नाहीत. तोंड पुढं केलं!

* * *

भेग नव्हती, अॅसिड नव्हतं. मग संशयाला जागा एकच उरली, ती दुपारची.

त्या घाटावर एक रीत आहे, दुसरीकडे कुठे मी बघितली नाही. डोक्यावर ऊन आलं की नाना शंख फुंकतो. शंख झाला की घाट रिकामा! बाया, बाप्ये, भटजी, सगळे देवळामागे जाऊन बसतात. का? तर ती गंगेच्या अंघोळीची वेळ. परक्या घरी आलेली बाई, तिला उघड्यावर न्हायला लाजल्यासारखं होतं. म्हणून नाना कुंडाभोवती चार काठ्यांना धोतर बांधून आडोसा करतो आणि राखणीला एकटा थांबतो. तासाभरानं पुन्हा शंख. मग लोक परत येतात. तोवर कुंड स्वच्छ!

आता मला सांगा, हे ऐकून इन्स्पेक्टर माणसाला काय वाटेल? पण एवढ्या हजारो माणसांत एकालाही काही वाटत नव्हतं. मान वळवून बघण्याची कुणाची छाती नव्हती.

मी स्वतः बघावं तर लोक मारतील. म्हणून इस्माईलभाईला म्हटलं, "तू जा. तुझा काही या गंगेशी संबंध नाही. पिंपळावर चढ आणि धोतराच्या आत काय चालतं ते बघून ये."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मीच काही घाण केली आहे.

"साहेब, बाईमानूस न्हातंय म्हनल्यावर मी तिकडं बगनार न्हाई. मग ती कुनाच्या का धर्माची असंना!"

* * *

मग म्हटलं, चला, खूण केलेलं हाड टाकून बघू. कुठलं टाकणार? इस्माईलभाईनं मटणाचं हाड आणायला साफ नकार दिला. "तुमी टाकनार, नाव माझं हुनार आन् मार दोघांस्नी बसनार!" त्याचं बरोबरच होतं. मीही टाकलं नसतं, आईला काय तोंड दाखवलं असतं!

त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. मिरजेला जाऊन उपटून आलो. डॉक्टरांनी दाढ कागदात गुंडाळून हातात दिली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. स्वतःचंच हाड! वर चांदी भरलेली, म्हणजे खूण पक्की. कुणाचा धर्म बाटायला नको आणि पुरावा शंभर नंबरी.

सकाळी गर्दीत मी हळूच दाढ कुंडात सोडली. दुपारी शंख झाला. तासानं पुन्हा शंख झाला. मी धावत जाऊन बघितलं.

दाढ नव्हती.

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. हाड एक वेळ विरघळेल, पण चांदी? खरोखरच कुणीतरी न्हाऊन गेलं असेल तर? त्या दुपारी मी जेवलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा तांब्या उजेडात न धरता पाणी प्यालो. आईला पत्र लिहायला कागदही काढला.

संध्याकाळी नाना गुरव तंबूत आला. हातात द्रोण, द्रोणात प्रसाद. खोबरं, साखर आणि माझी दाढ!

"घ्या," तो म्हणाला. "जित्या मानसाचं हाड किस्नामाई घेत न्हाई. गालावर सूज हाय तुमच्या, लवंग धरा."

* * *

म्हणजे उचलतो तो हाच! संशय खरा ठरला. मला आनंद व्हायला हवा होता, पण उलट वाईटच वाटलं. त्यातच आईचं कार्ड आलं, गुरुजींकडून लिहवून घेतलेलं. 'तपास झाला का? वळीव पडाय लागला. पानी चढायच्या आत ये.' आणि त्याच टपालात ऑफिसकडून एक निनावी तक्रार चौकशीसाठी आली. गुरव अस्थी काढून हाडांच्या व्यापाऱ्याला विकतो, सबब त्याला घाटावरून काढावं. खाली ऑफिसनं आपला प्रश्न जोडला होता, 'अस्थी खरोखर विरघळतात काय, याबाबत स्पष्ट अभिप्राय द्यावा.'

दुसऱ्या दिवशी दुपारचा दुसरा शंख झाला, तसा मी काठच्या उसात शिरून बसलो. थोड्या वेळानं नाना आला. डोक्यावर दुरडी, दुरडीवर ओलं धोतर. इकडे तिकडे बघत तो नावेत चढला. आता सापडला, म्हणून मी दबकत पुढे सरकलो.

नाना उसाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "साहेब, त्या फडात साप लय हैत. नावंत बसा. जागा हाय."

काय करणार? बसलो!

मधल्या डोहापाशी त्यानं नाव थांबवली. धोतर बाजूला केलं. दुरडीत धुतलेल्या अस्थी होत्या, केळीच्या पानावर वेगवेगळ्या मांडलेल्या. एकेक पान उचलून तो हळूच पाण्याला लावायचा आणि बोलायचा, "ह्ये कराडचं वाणी. ह्यो माधवनगरच्या मिलमदला जॉबर, मुकादम म्हना. ही तासगावची म्हातारी, हिचा लेक नाव सांगताना लय रडला." व्यापारी नाही, पोतं नाही. डोह पाचसहा पुरुष खोल असेल. शेवटच्या पानाला तो थांबला.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"नाव सांगितलं न्हाई कुनी. घाईत हुती मानसं. असं झालं की मी माझ्या बाचं नाव घेतो."

तरी सवय जात नाही. म्हणालो, "मग लोकांना विरघळतात म्हणून का सांगता?"

"म्या कवा सांगितलं? मी म्हनतो, माई घेऊन जाती. इरघळत्यात हे लोकांनी धरलं. तळहात केवढा, साहेब! रोजच्या रोज उचललं न्हाई तर दुसऱ्याला जागा कुठली?"

"आणि ती अंघोळीची वेळ?"

"ती माझ्या पनज्यानं काढली. त्येच्या आदी समद्यांच्या देखत उचलायची. एकदा एका बाईनं नवऱ्याचं हाड गुरवाच्या हातात बगितलं, आन् तिनं तितंच अंग टाकलं. आपल्या मानसाचं हाड परक्याच्या हातात बगवत न्हाई, साहेब. तवापास्नं पडदा."

मी रिपोर्ट लिहिला, 'तक्रारीत तथ्य नाही.' आणि अस्थी विरघळतात काय, या प्रश्नापुढे लिहिलं, 'उपलब्ध नमुन्यावरून सांगता येत नाही.'

* * *

मृगाच्या आदल्या आठवड्यात मी आईला घेऊन आलो. नाना गुरव आता माझ्या खात्रीचा माणूस होता. धास्ती एवढीच, की आईला यातलं काही कळता कामा नये. वर्षभर ती या तळहाताच्या भरवशावर होती. तिनं तो पडद्याआडचा प्रकार बघितला तर तिचं काय होईल, या भीतीनं मला रात्रभर झोप नव्हती.

सकाळी विधी झाला. राख नदीत सोडली, अस्थी तळहातावर ठेवल्या. भटजी म्हणाले, "आता मागं न बघता चला." सगळे चालायला लागले. आई वरच्या पायरीवर, कुंडाकडे तोंड करून, मांडी घालून बसली.

"आई, चल."

"तुमी व्हा फुडं. मानूस गाडीत बसवून दिलं तर गाडी हलस्तवर हुबं ऱ्हावं लागतंय."

मला वाटलं, बसेल घटकाभर. उन्हं वर आली तरी हलायचं नाव नाही! इस्माईलभाई आला, म्हणाला, "अम्मा, ऊन लय झालं. तंबूत चहा ठिवलाय."

"हितंच आन बाबा."

चहा आला. तिनं कुंडावरची नजर न काढता तो प्याला.

नानानं शंख फुंकला. घाट रिकामा झाला. चार काठ्या उभ्या राहिल्या, धोतर बांधलं गेलं. पण आई बसली होती वरच्या पायरीवर, तिथून धोतराच्या आतलं सगळं दिसत होतं.

"आवं मावशी," नाना अजिजीनं म्हणाला, "गंगा न्हायला उतरायची येळ झाली. हितं कुनी थांबत न्हाई."

"ती बाईच हाय न्हवं?" आई म्हणाली. "मग मी काय बाप्या हाय व्हय? न्हाऊ दे तिला. पाठ चोळायला कोन लागलं तर मी हाय."

नानानं माझ्याकडे बघितलं. मी नानाकडे. मी आईला सांगून बघितलं, की देवळात अभिषेक चाललाय. "चालू दे." की बहीण आली आहे भेटायला. "हिकडं धाड." की नियमाप्रमाणे इथं बसायला सरकारी बंदी आहे. त्यावर तिनं नुसती मांडी बदलली. देवळामागे लोक खोळंबले होते. नाना एका हातात शंख आणि एका हातात धोतराचं टोक धरून उभा. जन्मभर पुराव्यामागे धावलेला मी, त्या दिवशी पहिल्यांदाच देवाला हात जोडले, की बाबा रे, हिला काही दिसू देऊ नकोस.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दोन्ही हात पायरीवर टेकले आणि बसल्या बसल्या हळूहळू वळली. तोंड देवळाकडे, पाठ कुंडाकडे. आणि मागं न बघता म्हणाली,

"गुरवबाबा, उरका आता तुमचं. डाव्या गुडघ्याचं हाड तेवढं हळू उचला. लय ठणकायचा त्यांचा."